अडगळीतल्या दोन सायकली आणि जाम झालेला सीटचा दांडा

मागचे_चाक

नमस्कार. मागच्या आठवड्यात अडगळीची खोली आवरताना माझ्या लहानपणच्या दोन्ही सायकली एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत सापडल्या. एक वीस इंची चाकांची बीएमएक्स, म्हणजे मातीत उड्या आणि कसरती करायची एकाच गिअरची सायकल, जी मी वयाच्या आठव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत चालवली. दुसरी सव्वीस इंची चाकांची, पुढे तीन आणि मागे सात चकत्यांची माउंटन बाइक, जी त्यानंतर शाळा संपेपर्यंत माझ्याकडे होती. बीएमएक्सचे हँडल माउंटन बाइकच्या आऱ्यांमध्ये घुसले होते. ते सोडवताना हँडलच्या मधल्या आडव्या दांडीवरच्या फोमच्या गादीला हात लागला आणि तिची पिवळी भुकटी होऊन माझ्या बुटांवर पडली.

प्रश्न दोन आहेत. पहिला तांत्रिक आहे. माउंटन बाइकच्या सीटचा दांडा फ्रेममध्ये पक्का जाम झालेला आहे आणि तो तसूभरही हलत नाही. या दांड्यावर चार आडव्या खुणा आहेत. दर वर्षी उंची वाढली की मी सीट वर घ्यायचो आणि त्याआधी जुनी जागा खिळ्याने ओरखडून ठेवायचो. चौथ्या खुणेनंतर सीट आणखी एकदा वर घेतली आणि ती तिथेच राहिली. आज त्या सायकलीवर बसलो तर गुडघे कोपरांना लागतात. दांडा काढायचा आहे, पण त्या खुणा घालवायच्या नाहीत.

दुसरा प्रश्न असा की माउंटन बाइक मी दुप्पट वर्षे चालवली, तिच्यावरून कितीतरी लांब गेलो, आणि तरीही डोळे मिटले की मला बीएमएक्सच आठवते. असे का होत असावे? तुमचेही असेच आहे का?

वंगण

आधी दांड्याचे बघू. फ्रेमला लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर फ्रेम पोलादी आहे, आणि दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा असेल. दोन वेगळे धातू, मध्ये घामाचे किंवा पावसाचे खारट पाणी, आणि वर्षानुवर्षे न हलवलेला सांधा असे तिन्ही एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजू लागते. झिजून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे दांडा आतल्या आत फुगल्यासारखा होऊन नळीत घट्ट बसतो. म्हणूनच वर्षातून एकदा दांडा बाहेर काढून ग्रीस लावा असे आम्ही सांगत असतो आणि कोणीही ऐकत नाही.

हातोडी मारू नका. सायकल उलटी करा, पेडलच्या दांड्यांचा आस धरणारी क्रँकची कटोरी काढा आणि खालच्या बाजूने उभ्या नळीत आत शिरणारे तेल सोडा. पुष्कळ जण तेलाऐवजी अमोनियाचे पाणी वापरतात, कारण ते त्या पांढऱ्या भुकटीवर काम करते. मात्र हे सगळे उघड्यावर करा आणि अमोनियाजवळ ब्लीचचा थेंबही येऊ देऊ नका. दोनतीन दिवस तसेच ठेवा. मग दांड्याचे वरचे टोक मोठ्या शिकंज्यात पकडा आणि दांडा फिरवण्याऐवजी अख्खी फ्रेम फिरवा, म्हणजे फ्रेमची लांबीच तुमच्या तरफेचे काम करील.

शेवटचा उपाय कॉस्टिक सोड्याचा. तो ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळवतो. त्यात उष्णता आणि हायड्रोजन वायू निघतो, हात आणि डोळे भाजतात, आणि तुमच्या चारही खुणा पाण्यात जातात. त्यामुळे तुमच्या बाबतीत तो उपाय मी मोजतच नाही.

ढोपरफोडे

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. माउंटन बाइकने तुम्हाला गावे दाखवली असतील, बीएमएक्सने ढोपरे फोडली. माणूस गावे विसरतो. माझ्या डाव्या नडगीवर पेडलच्या दातांचे पाच ठिपके अजून आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक कोणत्या उडीत मिळाला हे मी तारखेसकट नाही, पण क्रमाने नक्की सांगू शकतो.

चिखलवाट

माझे अगदी उलटे आहे. मी बीएमएक्स कधी चालवलीच नाही. आमच्या घरात थेट थोरल्या भावाची माउंटन बाइक आली आणि तिच्यावर माझे पाय पोचेपर्यंत मी तिच्या आडव्या नळीखालून पाय घालून ती चालवत असे. तरीही धागाकर्त्यांच्या प्रश्नाला इतिहासाची एक बाजू आहे असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या दोन्ही सायकली कोणत्याही कारखान्याने विचारपूर्वक जन्माला घातलेल्या नाहीत. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातली मुले मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या मोटारसायकलींच्या, शर्यती बघून आपल्या सायकलींवर त्याच उड्या मारू लागली. त्यांच्याकडे होत्या त्या श्विन कंपनीच्या स्टिंग-रे सायकली, ज्या १९६३ पासून बाजारात होत्या आणि ज्यांची चाके वीस इंची होती. बीएमएक्सचे चाक वीस इंची का, तर त्या मुलांच्या दारात उभ्या असलेल्या सायकलीचे चाक वीस इंची होते म्हणून.

माउंटन बाइकची गोष्टही तशीच आहे. त्याच राज्याच्या उत्तरेला मरिन काउंटीमध्ये काही तरुण १९३० आणि ४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली अडगळीतून बाहेर काढून माउंट तमालपैस आणि आसपासच्या डोंगरांवरून खाली सोडत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथल्या एका उतारावर वेळ मोजून पहिली शर्यत घेतली. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये जवळजवळ ४०० मीटर उतरणारा तो रस्ता. या सायकलींना हाताने दाबायचे ब्रेक नव्हते. पेडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक लागत असे. खाली पोचेपर्यंत तुंबा इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि पुढच्या फेरीआधी तो उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागायचे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला जे म्हणतात तेच त्या शर्यतीचे नाव पडले, रीपॅक. गॅरी फिशर यांची तिथली ४ मिनिटे २२ सेकंदांची वेळ कोणाला मोडता आली नाही.

त्या जुन्या सायकलींची चाके सव्वीस इंची होती, म्हणून माउंटन बाइकची चाकेही सव्वीस इंची झाली. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास याच कामासाठी पहिली नवी फ्रेम बांधली, तेव्हाही त्यांनी चाक तेच ठेवले, कारण जाड टायर त्याच मापात मिळत होते. पुढे १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर आली आणि ही सायकल दुकानातून घेण्याची वस्तू झाली. सांगायचे ते इतकेच की धागाकर्त्यांनी अडगळीतून सायकल काढली आहे आणि हा खेळही अडगळीतूनच निघालेला आहे.

परखड

इतिहास छान आहे, पण इथे आठवणींवर फारच साखर पडू लागली आहे. १९९० च्या दशकातली माउंटन बाइक मी आजही चालवून पाहिलेली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पावसात तिचे कँटिलिव्हर ब्रेक दाबले की आधी रिम पुसली जायची, मग ब्रेक लागायचा की नाही याचा विचार सुरू व्हायचा. पुढचा चिमटा धक्के शोषणारा असला तर त्यात रबरासारख्या चकत्या असत, ज्या थंडीत दगड होत आणि काही वर्षांत चुरा होत. हँडल अरुंद, त्याला फ्रेमशी जोडणारा गळा लांब, त्यामुळे उतारावर सगळे वजन पुढच्या चाकावर. आपण हँडलवरून पुढे फेकले जात होतो ते आपल्या धाडसामुळे जात होतो असे आपल्याला वाटते. खरे तर ती सायकलच आपल्याला फेकत होती.

१९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा धक्के शोषणारा पहिला चिमटा आला, १९९६ च्या सुमारास व्ही-ब्रेक आले, मग डिस्क ब्रेक आले, आणि यातले प्रत्येक पाऊल सायकल सुधारणारेच होते. जुनी सायकल भिंतीवर टांगावी, आठवण काढावी, आणि चालवायला नवी घ्यावी.

ढोपरफोडे

@परखड, तुमच्या लहानपणी तुम्हाला कोणी डबलसीट घेतले नसावे.

परखड

घेतले होते. पुढच्या नळीवर बसवून. म्हणूनच असे लिहितो आहे.

सांजवारा

परखड यांचे तांत्रिक मुद्दे मला मान्य आहेत, पण प्रश्न कोणती सायकल चांगली हा नव्हताच. कोणती आठवते, हा होता.

माझी बीएमएक्स ही खरे तर माझी नव्हतीच, ती चुलतभावाची होती आणि तो ती मला फक्त पंक्चर झाल्यावर देत असे. त्यामुळे पंक्चर काढायला मी नवव्या वर्षी शिकले. टायर सोडवायला माझ्याकडे दोन जुने चमचे होते. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, ती जागा घासून खरखरीत करायची, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचे, आणि हे थांबणेच सर्वांत कठीण असायचे, कारण भाऊ परत येण्याआधी दोन चकरा मारून घ्यायच्या असत. सोल्यूशन ओले असतानाच ठिगळ दाबले की ते निघते, हे मी अनेकदा अनुभवाने शिकले.

पुढे माउंटन बाइक माझ्या स्वतःच्या नावावर आली, तरी पुढचे चाक उचलणे, मागचे चाक घसरवून अर्धवर्तुळात वळणे, दोन्ही चाके एकदम उचलून कडेवर चढणे हे सगळे माझ्या अंगात आधीच आलेले होते. ज्यांना हे दोन स्वतंत्र खेळ वाटतात त्यांच्यासाठी सांगते की २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स शर्यत पहिल्यांदा खेळली गेली आणि महिलांचे सुवर्णपदक फ्रान्सच्या ॲन-कॅरोलिन शोसोन यांनी जिंकले. त्याआधी त्या माउंटन बाइकवरून डोंगर उतरण्याच्या शर्यतीत अनेकदा जगज्जेत्या झालेल्या होत्या, आणि त्याहीआधी, लहानपणी, त्यांनी सुरुवात बीएमएक्सवरच केली होती. माउंटन बाइक स्वतः ऑलिंपिकमध्ये १९९६ मध्ये, अटलांटात आली. म्हणजे धाकटी थोरलीच्या आधी पोचली.

गणिताचा_तास

चिखलवाट यांनी चाकांची मापे काढली आहेत, तर गिअरचेही होऊन जाऊ द्या.

त्या काळच्या बहुतेक बीएमएक्सवर पुढे ४४ आणि मागे १६ दाते असायचे. म्हणजे पेडलच्या एका फेरीत मागचे चाक पावणेतीन वेळा फिरते. वीस इंची चाकाचा परीघ टायरसकट साधारण १.६ मीटर धरला, तर एका फेरीत सायकल सुमारे ४.४ मीटर जाते. चढ असो, सपाटी असो, उतार असो, ४.४ मीटरच. माउंटन बाइकवर पुढे २८ आणि मागे २८ हा सर्वांत हलका गिअर घेतला, तर एका फेरीत सायकल जेमतेम २.१ मीटर सरकते.

याचा अर्थ असा की बीएमएक्सवर चढ आला की पायांना दुप्पट जोर लावावा लागतो, सीटवरून उठावेच लागते, आणि उतार आला की पाय भिरभिरून निरुपयोगी होतात. सायकल तडजोड करत नाही, शरीराला करावी लागते. धागाकर्त्यांना बीएमएक्स का आठवते याचे निम्मे उत्तर मला या आकड्यात दिसते.

आता गंमत बघा. आजच्या स्टंट करणाऱ्या बीएमएक्सवर पुढे २५ आणि मागे ९ दाते असतात. भागाकार २.७८. चकत्या लहान झाल्या, वजन कमी झाले, दगडावर आपटायची भीती गेली, पण गुणोत्तर जवळजवळ तेच राहिले.

निवांत

आम्ही गणित टाळण्यासाठीच सायकल घेऊन बाहेर पडायचो.

मागचे_चाक

सर्वांचे आभार. लोहचुंबक टप्पकन चिकटले, त्यामुळे फ्रेम पोलादीच आहे. कटोरी काढताना आतून छर्रे घरंगळले आणि त्यांपैकी दोन कपाटाखाली गेले आहेत. खालून अमोनियाचे पाणी सोडले आहे. दांडा अजून हललेला नाही.

गणिताचा_तास, तुमचा ४.४ मीटरचा हिशेब वाचून मी बीएमएक्सचे दाते मोजले. ४४ आणि १६ च निघाले.

उतारावरचा_सरपंच

या धाग्यावर आवाजांबद्दल अजून कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. जाड पुठ्ठ्याचा तुकडा कपडे वाळत घालायच्या चिमट्याने मागच्या नळीला लावायचा, म्हणजे आऱ्यांवर आपटून मोटारसायकलसारखा आवाज येतो, हे ज्याने केले नाही त्याने बीएमएक्स चालवली असे मी मानत नाही. खेळण्यातला पत्ता लावला तर आवाज बारीक येतो आणि तासाभरात तो फाटतो. पुठ्ठा दोन दिवस टिकतो. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा कापलेला तुकडा आठवडाभर टिकतो, पण त्याचा आवाज ऐकून शेजारी बाहेर येतात.

माउंटन बाइकचा आवाज वेगळा. तिचे जाड गाठींचे टायर डांबरावर एका सुरात घुमायचे, आणि रस्ता सोडून मातीत उतरलो की तो सूर एकदम थांबायचा. मला ती शांतता आठवते. त्या क्षणी चेन घसरून पडली नाही तर.

तीन_बाय_सात

चेन पडण्याचा विषय निघालाच आहे तर कबुलीजबाब देतो. एकवीस गिअर असलेली सायकल आहे असे मी वर्गात सांगत फिरलो, पण त्यांपैकी मी जास्तीत जास्त चार वापरले. पुढची सर्वांत मोठी चकती आणि मागचीही सर्वांत मोठी चकती असे दोन्ही एकदम घेऊ नये, चेन तिरकी ताणली जाते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी मात्र त्यालाच सर्वांत ताकदीचा गिअर समजायचो, कारण दोन्हीकडे मोठे म्हणजे जास्त ताकद. एके दिवशी चढावर ती चेन तुटली, मी आडव्या नळीवर बसलो, आणि त्यानंतर काही काळ मी काहीही बोललो नाही.

चिखलवाट

तो अनुभव ज्याला आहे त्यालाच आजच्या फ्रेमची आडवी नळी मागे इतकी खाली का उतरवलेली असते हे खऱ्या अर्थाने कळते.

जुना_चिमटा

परखड यांच्या सूचनेवर परत येतो, कारण तिच्यात एक गोष्ट राहून गेली. सव्वीस इंची चाक आता नव्या माउंटन बाइकवर जवळजवळ दिसेनासे झाले आहे. त्याची जागा आधी एकोणतीस इंचीने आणि मग साडेसत्तावीसने घेतली. मोठे चाक दगडाला कमी तिरके भिडते, त्यामुळे ते सहज वर चढते, हे खरे आहे आणि त्यावर वाद नाही. पण त्यामुळे जुन्या सायकलींसाठी चांगले टायर मिळवणे दर वर्षी थोडे थोडे कठीण होत चालले आहे. ज्यांना आपली सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची आहे त्यांनी ती भिंतीवर टांगून वाट बघू नये.

एक दिलासा देतो. मागे सात चकत्या असतील तर आठ गिअरवाली चेन तिच्यावर उत्तम चालते, त्यामुळे चेनसाठी अडून राहावे लागत नाही. टायर घेताना मात्र नुसत्या इंचावर जाऊ नका, टायरच्या बाजूवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा बघा. माउंटन बाइकच्या सव्वीस इंचीसाठी तो ५५९ असतो आणि बीएमएक्सच्या जाड वीस इंचीसाठी ४०६. वीस इंचीतच ४५१ चे एक बारीक चाकही असते, आणि त्याचा टायर ४०६ च्या रिमवर काही केल्या बसत नाही. मी संपूर्ण एक दुपार बसवत होतो.

परखड

@जुना_चिमटा, मोठ्या चाकाचा मुद्दा मान्य केल्याबद्दल आभार. बाकीचे मी वाचलेच नाही असे समजावे.

सांजवारा

वाचले आहे हे आम्ही समजलो.

ढोपरफोडे

कोणाला १९८२ चा तो चित्रपट आठवतो का, ज्यात मुले परग्रहावरच्या पाहुण्याला सायकलवर बसवून पळवतात? त्या सायकली कुवाहारा नावाच्या जपानी कंपनीच्या बीएमएक्स होत्या, आणि सायकलवरच्या कसरती करणाऱ्यांत बॉब हारो होते, ज्यांनी आधी शर्यतीच्या सायकलींसाठी क्रमांकाच्या पाट्या बनवल्या आणि पुढे एका जागी कसरती करण्यासाठीची खास बीएमएक्स बाजारात आणली. मी तो चित्रपट पाहून आलो आणि दुसऱ्या दिवशी हँडलला टोपली बांधली. उडण्याचा प्रयत्नही केला. टोपली उडाली.

गंजलेली_साखळी

एका जागी हा शब्द वाचून मला धाग्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर सुचले, म्हणून आजवर नुसती वाचत होते ती आता लिहिते आहे.

बीएमएक्सवर आम्ही कुठेच जात नव्हतो. संपूर्ण संध्याकाळ पंधरावीस पावलांच्या जागेत जायची. मातीचा एक ढीग, त्याला टेकवलेली एक फळी, आणि रांग. माझी पाळी, तिची पाळी, पुन्हा माझी पाळी. त्या फळीच्या डाव्या कडेला एक खिळा थोडा वर आलेला होता आणि शेवटच्या क्षणी पुढचे चाक त्याच्या उजवीकडून न्यावे लागे. तो खिळा मला आजही दिसतो. तो ढीग पावसाने कोणत्या बाजूने खचायचा, हेही दिसते. याउलट माउंटन बाइकवर मी कितीतरी किलोमीटर गेले, पण त्या सगळ्या रस्त्यांवरचा एकही खिळा मला आठवत नाही, कारण प्रत्येक जागेवरून मी एकदा किंवा दोनदा गेले आणि त्या फळीवरून हजारदा.

तेव्हा माझ्या मते वयाचा किंवा सायकलीच्या गुणांचा यात फारसा हात नाही. हा पुनरावृत्तीचा परिणाम आहे.

चिखलवाट

गंजलेली_साखळी, तुमचा प्रतिसाद मला आवडला, पण मी सहमत नाही. मला माझ्या माउंटन बाइकवरचे एक वळण असेच आठवते. उतार, उजवीकडे वळण, आणि वळणाच्या पोटात झाडाचे एक मूळ. तिथे मी हजारदा गेलो नाही. एकदाच पडलो.

गंजलेली_साखळी

पडणे हे हजारदा जाण्याच्या बरोबरीचे धरायला माझी हरकत नाही.

वंगण

@मागचे_चाक, दांड्याचे काय झाले? पाच दिवस झाले. कपाटाखालचे छर्रे सापडले नसतील तर ते दोन शोधत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे सगळे नवे घाला, नवे आणि जुने मिसळू नका.

मागचे_चाक

आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबलो होतो.

चौथ्या दिवशी अमोनियाचे पाणी पुन्हा भरले. सातव्या दिवशी एका ओळखीच्या सुताराकडे मोठा शिकंजा होता, तिथे सायकल उलटी करून दांड्याचे टोक लाकडाच्या दोन चिपांमध्ये पकडले, म्हणजे खुणांना दात लागणार नाहीत, आणि आम्ही दोघांनी फ्रेम फिरवली. आधी काहीच झाले नाही. मग मोठा टणत्कार झाला आणि मला वाटले फ्रेम तुटली. ती तुटली नव्हती. दांडा केसभर फिरला होता. तिथून पुढे एकेक वळसा देत तो बाहेर यायला पाऊण तास लागला आणि शेवटच्या वितभर भागावर वंगण यांनी सांगितलेली पांढरी भुकटी खरवडीसारखी जमलेली होती.

खुणा चारही शाबूत आहेत. पण दांडा बाहेर आल्यावर समजले की तो माझ्या आजच्या उंचीला पुरणारच नाही, कारण कमीत कमी इतका आत हवा अशी जी रेघ त्यावर कोरलेली असते ती मी शाळेतच जवळजवळ गाठली होती. म्हणजे नवा, लांब दांडा हवा. मोजल्यावर जाडी २६.६ मिलिमीटर निघाली, आणि २६.४, २६.८, २७.२ अशी बाकीची सगळी मापे आसपास मिळत असताना हे एक मात्र मागवावे लागले. ते यायला वेळ लागणार होता.

त्या मधल्या दिवसांत मी बीएमएक्सच्या टायरमध्ये हवा भरली, चेनला तेल दिले, आणि उगीच म्हणून तिच्यावर बसलो. बसलो हा शब्द चुकीचा आहे. तिची सीट इतकी खाली आहे की तिच्यावर बसणे मला शक्यच नव्हते, आणि मग लक्षात आले की लहानपणीही मी तिच्यावर बसत नव्हतो. तिच्यावर उभेच राहायचे असते. माउंटन बाइकसाठी मी वाढलो की सीट वाढवावी लागायची, न वाढवली तर ती लहान पडायची. ही सायकल मात्र मला लहान पडलेलीच नव्हती. गुडघे कोपरांना लागले नाहीत. हँडल जिथे असायला हवे होते तिथेच होते. पुढचे चाक दुसऱ्या प्रयत्नात उचलले गेले, तिसऱ्या प्रयत्नात थोडे जास्तच उचलले गेले, आणि ढोपरफोडे यांच्या क्रमवार यादीत मोडेल असा एक ठिपका माझ्या उजव्या नडगीवर पडला आहे.

गणिताचा_तास यांचे निम्मे उत्तर आणि गंजलेली_साखळी यांचे निम्मे उत्तर मी घेतले आहे. उरलेले हे माझे.

गणिताचा_तास

तीन निम्मी झाली. चालेल.

परखड

नवा दांडा बसवण्याआधी नळी आतून घासून घ्या आणि भरपूर ग्रीस लावा. जुन्या दांड्याचे काय करणार?

मागचे_चाक

तो हत्यारांच्या खणात ठेवला आहे. नव्या दांड्यावर पहिली खूण करून घेतली, तिच्या पुढे आता दुसरी लागणार नाही असे धरून चाललो आहे.

आता एकच काम राहिले. बीएमएक्सचे पेडल बदलायचे आहेत, कारण जुन्यांचे दात झिजले आहेत. उजवे लगेच निघाले. डावे सकाळपासून जोर लावून फिरवतो आहे, जरासुद्धा सैल होत नाही. यालाही अमोनिया घालावा का?

वंगण

अहो, कोणत्या दिशेने फिरवता आहात? डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सकाळपासून तुम्ही ते घट्ट करत आहात.

मागचे_चाक

हे आधी सांगायला हवे होते.

ढोपरफोडे

शिकंजा परत केला नसेल तर ठेवूनच घ्या.